रुळाला न टेकता धावणारी गाडी

विहिरीवरची मोटार तासभर चालली की चांगलीच तापते, हे तुम्ही रोज पाहता. तांब्याची तार विजेला वाहताना अडवते आणि त्या ओढाताणीत काही वीज उष्णता होऊन वाया जाते. लांबच्या पाइपलाइनीत पाण्याचा जोर कमी व्हावा, तसाच हा प्रकार.

१९११ साली हॉलंडमधील लायडन येथे कामरलिंग ओनेस या शास्त्रज्ञाने पारा उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला, तेव्हा ही अडवणूक एकाएकी नाहीशी झाली. अशा पदार्थाला अतिसंवाहक म्हणतात. त्याच्या तारेच्या वेटोळ्यात एकदा सोडलेली वीज न आटता फिरत राहते. तार तापत नाही, म्हणून भरपूर वीज खेळवून फार जोरदार चुंबक करता येतो.

जपानने याच चुंबकांवर आगगाडी चालवली. यामानाशी येथील चाचणी मार्गावर २१ एप्रिल २०१५ रोजी तिने ताशी ६०३ किलोमीटर वेग गाठला.

गाडी उचलली कशी जाते? तिच्या दोन्ही अंगांना नायोबियम-टायटॅनियमच्या तारेची वेटोळी असतात. द्रव हेलियमने ती थंड ठेवतात. मार्ग असतो दोन बाजूंना भिंती असलेल्या पाटासारखा. भिंतींत एकावर एक दोन कड्या जोडाव्यात तशी तारेची वेटोळी बसवलेली असतात. सायकलच्या डायनॅमोत चुंबक फिरला की वीज तयार होते ना? तसेच गाडीचा चुंबक वेगाने जवळून गेला की या कड्यांत वीज उपजते आणि त्याही चुंबक बनतात. खालची कडी गाडीला वर ढकलते, वरची ओढून घेते. गाडी सुमारे दहा सेंटीमीटर, म्हणजे अर्धी वीत, अधांतरी राहते. वेग कमी असताना हा आधार पुरत नाही, म्हणून ताशी सुमारे १५० किलोमीटरपर्यंत ती रबरी चाकांवर धावते. पुढे नेण्याचे काम भिंतीतील दुसरी, बाहेरून वीज दिलेली वेटोळी करतात.

हेलियम महाग पडतो. मात्र जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या रेतमात्रा ज्यात ठेवतात, त्या द्रव नायट्रोजनच्या उणे १९६ अंश थंडीतही अतिसंवाहक होणारे पदार्थ १९८७ साली सापडले आहेत.

आता शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याची गोष्ट. टोकियो ते नागोया हा २८६ किलोमीटरचा मार्ग बहुतेक बोगद्यांतून जातो. शिझुओका प्रांतात ओई नदीच्या पाण्यावर शेती आणि चहाचे मळे आहेत. डोंगरातील बोगद्यामुळे नदीचे पाणी घटेल, ही तेथील लोकांची धास्ती. प्रांताने कित्येक वर्षे परवानगी रोखून धरली आणि २०२७ साली गाडी सुरू करणे शक्य नाही, असे रेल्वे कंपनीने मार्च २०२४ मध्ये जाहीर केले.

आपल्या शिवारातही बोगदा, कालवा किंवा मोठा रस्ता येऊ शकतो. काम सुरू होण्याआधी विहिरीची पाणीपातळी मोजा आणि तारीखवार वहीत लिहून ठेवा. ग्रामसभेत पाण्याचा प्रश्न मांडताना ही वहीच तुमच्या उपयोगी पडेल.