काचपट्टीवर दिसलेली झुंज

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाची पत्रके, शिबिरांचा वृत्तांत व देणगीदारांची नामावली असतेच. यंदा विश्वस्त मंडळाच्या अनुमतीने एक पान मी निराळ्या विषयासाठी मागून घेतले आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध देयके आणि निविदांपुरता. तरीही लिहावेसे वाटले, त्याला निमित्त झाला धडगावकडील एका रुग्णाचा मुलगा.

वडिलांच्या गालातील गाठीचा तुकडा तपासणीसाठी घेतला होता. तंबाखूची सवय जुनी. मुलाने मला विचारले, "साहेब, तुकडा काढला की गाठ पसरते असे गावात म्हणतात. मग काढला कशाला?" उत्तर माझ्याजवळ नव्हते. आमच्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांनी त्याला सूक्ष्मदर्शकाजवळ बोलावले. त्याच्यामागून मीही डोकावलो.

त्या तुकड्यावर रासायनिक प्रक्रिया करून तो मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. मग त्याचे इतके पातळ पापुद्रे कापतात की सुमारे अडीचशे पापुद्रे एकावर एक ठेवावे तेव्हा एक मिलिमीटर जाडी भरावी. रंग दिल्यावर काचपट्टीवर गुलाबी-जांभळी नक्षी उमटते. कर्करोगाच्या पेशी वेड्यावाकड्या, मोठ्या केंद्रकांच्या, दाटीवाटीने वाढलेल्या. त्यांच्या कडेला मात्र गडद निळ्या, मोहरीच्या दाण्यांसारख्या गोल पेशींची रांग होती. "भाऊ, या तुझ्या वडिलांच्या शरीरातील रक्षक पेशी. लढायला त्या स्वतःहून आल्या आहेत," डॉक्टर म्हणाल्या. तुकडा घेतल्याने रोग बळावत नाही, तपासणीवाचून गेलेल्या महिन्यांत तो बळावतो, हेही त्यांनी सांगितले. मुलगा बराच वेळ भिंगाला डोळा लावून उभा होता.

रक्षक पेशींना काम करताना पाहण्याची परंपरा जुनी आहे. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे एली मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि त्याभोवती शरीरातील फिरत्या पेशी गोळा झालेल्या सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या. पुढे १९०८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. त्यांचेच शिष्य वाल्डेमार हाफकिन. १८९७ साली मुंबईत प्लेगची लस त्यांनी तयार केली आणि प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे.

काचपट्टीवरचे चित्र मात्र थिजलेले असते. अलीकडच्या सूक्ष्मदर्शकांनी जिवंत पेशींची हालचाल टिपता येऊ लागली. पेशींतील निरनिराळ्या भागांना चमकणारे रंग जोडतात व अतिशय पातळ प्रकाशपट्ट्याने त्या उजळतात. २०१५ साली केंब्रिज येथील जिलियन ग्रिफिथ्स यांच्या गटाने मारक टी-पेशींची अशी चलत्‌चित्रे प्रसिद्ध केली. ही पेशी केसाच्या जाडीच्या सुमारे एक दशांश. ती वाटेतील प्रत्येक पेशीला चाचपत जाते. संशयित सापडली की तिला घट्ट चिकटते, आपल्या पोटातील विषाच्या पिशव्या संपर्काच्या जागी सरकवते आणि तेथेच रिकाम्या करते. त्यातील एक प्रथिन समोरच्या पेशीच्या आवरणाला छिद्रे पाडते, दुसरे आत शिरून तिला मरणास प्रवृत्त करते. मारक पेशी स्वतः सुखरूप राहून पुढच्या लक्ष्याकडे निघते.

माझ्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचे तर टी-पेशी म्हणजे फिरता लेखापरीक्षक. प्रत्येक पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे नमुने व्हाउचरसारखे बाहेर मांडून ठेवते. परीक्षक ते तपासतो. कर्करोगाची लबाडी दोन प्रकारची. कधी ती पेशी व्हाउचरच दडवते. कधी पृष्ठभागावर असे प्रथिन मांडते की परीक्षकाला 'तपासणी थांबवा' असा हुकूम मिळावा. हा हुकूम निष्फळ करणाऱ्या औषधांना पाया घालून दिल्याबद्दल जेम्स ॲलिसन व तासुकू होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही औषधे अतिशय महाग, त्यामुळे आपल्याकडील बहुसंख्य रुग्णांना ती केवळ ऐकण्यापुरती. म्हणूनच मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील एका अभ्यासाचा उल्लेख आवश्यक वाटतो. डोके व मानेच्या वाढलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना तोंडावाटे घ्यावयाच्या स्वस्त औषधांसोबत निवोलुमॅब हे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी दिले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एक वर्षानंतर हयात असण्याचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. ४३ म्हणजे शंभर नव्हे, ही गोष्ट नातेवाईकांपासून लपवू नये असे माझे मत आहे.

त्याच रुग्णालयाने आयआयटी मुंबईच्या साहाय्याने विकसित केलेली 'नेक्सकार-१९' ही उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता पावली. तीत रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून त्यांना शत्रू ओळखण्याचे नवे साधन बसवतात व परत शरीरात सोडतात. मात्र ती रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या काही विशिष्ट कर्करोगांसाठीच आहे. गालाच्या गाठीसाठी तिची चौकशी करत कोणी शेत विकू नये, ही कळकळीची विनंती.

आता आमची एक चूक. त्या मुलाने वडिलांना मुंबईस नेले तेव्हा आम्ही त्याच्याबरोबर अहवालाचा कागद दिला. काचपट्ट्या व मेणाचा ठोकळा आमच्याच कपाटात राहिले. तेथील डॉक्टरांना पुढील तपासण्या त्या ठोकळ्यावरूनच करावयाच्या होत्या. तो न्यायला मुलगा रेल्वेने पुन्हा नंदुरबारला आला. आठ दिवस आणि दोन वेळचे भाडे गेले. दोष माझ्या कार्यालयाचा होता.

तेव्हापासून मोठ्या रुग्णालयात पाठवावयाच्या रुग्णास अहवाल, काचपट्ट्या व ठोकळा एकाच डबीत, पोचपावतीसह दिले जातात. नातेवाईकांनी ही डबी मागून घ्यावी व औषधांच्या पिशवीत न टाकता, उन्हापासून जपून, स्वतःजवळ ठेवावी. ठोकळा मेणाचा असतो; आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीत तो टिकत नाही.