धावणाऱ्याचा वेळ कुणाच्या पदरचा?

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईची मॅरेथॉन होते आणि सोमवारपासून गळ्यात पदके घातलेली छायाचित्रे सगळीकडे फिरू लागतात. २००४ साली ही शर्यत सुरू झाली तेव्हा ती परदेशी धावपटूंची, कंपन्यांतल्या साहेबांची आणि सिनेमावाल्यांची म्हणून ओळखली जायची. आज बेस्टचे वाहक, महानगरपालिकेचे कामगार, पोलीस शिपाई, शाळामास्तर असे आपल्या वस्त्यांतले कितीतरी जण पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. याचा आम्हाला आनंदच आहे. सरकारी टपाल घेऊन धावणे, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे हे ज्यांच्या पणजोबांचे वतनी काम होते, त्यांची पणतवंडे आता स्वतःच्या हौसेने धावतात, हा काही लहानसहान फरक नव्हे.

परंतु छायाचित्रात न येणारी मंडळीही असतात. ज्यांची शर्यत फसली ते. पाच-पाच महिने घाम गाळून ज्यांना मनाजोगती वेळ देता आली नाही ते. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. (आपल्याकडे तीन किलोमीटरच्या धावण्यालाही बेधडक मॅरेथॉन म्हणतात, तो भाग वेगळा.) स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवलेली साखर साधारण तीस किलोमीटरच्या पुढे संपत येते. पाय शिशाचे होतात. मुंबईत तर नेमका त्याच सुमारास, परतीच्या वाटेवर, पेडर रोडचा चढ उभा राहतो आणि तोवर सूर्यही डोक्यावर आलेला असतो. तिथे भलेभले चालू लागतात.

आमचे एक स्नेही असेच चालू लागले. कारखान्यात पाळीवर काम करणारा हा माणूस. चार तासांच्या आत शर्यत संपवायची असे त्यांनी ठरवले होते. लागले पाच तास अकरा मिनिटे. घरी आले ते गप्प. आठ दिवस कुणाशी धड बोलले नाहीत आणि नवव्या दिवशी त्यांनी जाहीर केले, की पुढच्या वर्षी आठवड्याला पंचेचाळीसऐवजी सत्तर किलोमीटर धावणार. आम्ही भेटायला गेलो होतो. त्यांच्या पत्नी अंगणवाडीत काम करतात. चहा ठेवता ठेवता त्या शांतपणे म्हणाल्या, “हे बेचाळीस किलोमीटर कसे धावले ते सगळ्यांनी विचारलं. पाच महिने रविवार मी कसे काढले, ते कुणी विचारलं नाही बघा, दादा.”

आमचा आजचा विषय हाच आहे.

वास्तविक पाहता फसलेल्या शर्यतीनंतर धावपटूच्या मनात एकच विचार येतो, तो म्हणजे सराव कमी पडला, आता वाढवू. यात गैर काही नाही. पण हा वाढीव सराव जिथून यायचा ती जागा कोणती? दिवसाचे तास चोवीसच आहेत. नोकरीचे तास मालकाच्या हातात, लोकलचे तास रेल्वेच्या हातात. झोप कमी केली तर दुखापत ठरलेली. मग उरते काय? घर! सरावाचे वाढीव किलोमीटर घरातूनच काढले जातात आणि घरात ते कुणाच्या वाट्यातून निघतात, हे सांगायला कुणा पंडिताची गरज नाही.

हिशेबच मांडू. साधारण सोळा ते अठरा आठवड्यांचा सराव असतो. आठवड्यातून चार दिवस तासभर धावणे, हे झाले चार तास. रविवारी लांब पल्ल्याची धाव. किलोमीटरला सात मिनिटे या वेगाने बत्तीस किलोमीटर म्हणजे पावणेचार तास. मोकळा रस्ता हवा म्हणून पहाटेच्या लोकलने मरीन ड्राइव्हला जाणे-येणे धरा, घरी आल्यावर अंग टाकून झोपणे धरा. आठवड्याचे अकरा-बारा तास सहज होतात. कामगाराच्या भाषेत सांगायचे तर दीड पाळी. ही दीड पाळी तो धावत असताना घरात पाणी भरणे, डबे करणे, मुलांची तयारी, सासूबाईंचे औषध ही कामे थांबलेली नसतात. ती दुसरे कुणीतरी करत असते.

त्यात आपला रविवार हा काही रिकामा दिवस नसतो. विहारातली वंदना रविवारी, मंडळाची बैठक रविवारी, लग्ने रविवारी, मयताच्या घरी जाऊन बसणे तेही रविवारी. जानेवारीच्या शर्यतीचा सराव सुरू होतो तो वर्षावासात. संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असते आणि धावपटू रात्री नऊला झोपायला पाहतो. दसऱ्याच्या सुमारास धम्मचक्र प्रवर्तन दिन येतो तेव्हा पल्ला वाढवण्याचे आठवडे असतात. सर्वांत मोठ्या धावा येतात त्या डिसेंबरात, म्हणजे सहा डिसेंबरच्या आगेमागे, ज्या दिवसांत गावाकडून आलेले दहा-बारा पाहुणे घरात मुक्कामाला असतात. त्यांच्यासाठी भाकरी थापल्या जात असताना घरचा कर्ता पुरुष पायाला बर्फ लावून बसलेला असतो! एक जानेवारीला भीमा कोरेगावला जायचे की शर्यतीआधीची विश्रांती घ्यायची, यावरून वाद झालेली घरेही आम्हाला ठाऊक आहेत. सरावाची छापील वेळापत्रके ज्यांनी बनवली त्यांच्या पंचांगात हे दिवस नव्हते. ते आपले आपणच बसवायचे आहेत.

धावण्याच्या क्लबात नव्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो असा, की घरच्यांचा पाठिंबा मिळवा. शब्द गोंडस आहे. पण या पाठिंब्याचा अर्थ बहुतेक घरांत एवढाच निघतो, की बायकोने अधिक काम करावे आणि तक्रार करू नये. मुळात ती किती काम करते? केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ निघाला २८९ मिनिटे, पुरुषांचा ८८ मिनिटे. २८९ मिनिटे म्हणजे जवळजवळ पाच तास. आमच्या स्नेह्यांची ती फसलेली मॅरेथॉन पाच तास अकरा मिनिटांची होती. तेवढी मॅरेथॉन त्यांच्या पत्नी रोज पूर्ण करतात. पदक नाही, केळे नाही, रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजवणारे कुणी नाही. रमाईच्या त्यागावर गाणी म्हणताना आपला गळा दाटून येतो. घरातल्या बाईचा त्याग मात्र आपण गृहीत धरतो, हे आम्हाला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. हेच चळवळीतल्या कार्यकर्त्याच्या घरालाही लागू आहे. पण तो विषय निघाला तर आजचा स्तंभ पुरायचा नाही.

आता हीच गोष्ट उलटी करून पाहा. धावणारी बाई असेल तर?

नॉर्वेची इन्ग्रिड क्रिस्टियान्सन १९८३ सालच्या जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धेत पस्तिसावी आली. तिच्या दर्जाच्या धावपटूला हा निकाल म्हणजे नामुष्कीच. सराव करूनही अंग साथ का देत नाही, हे तिला कळेना. तिला पाहून प्रशिक्षकाच्या पत्नीला शंका आली आणि तपासणीत ती गरोदर असल्याचे निघाले. ऑगस्टमध्ये मुलगा झाला. पुढच्या जानेवारीत, अवघ्या पाच महिन्यांनी, तिने अमेरिकेत ह्यूस्टनची मॅरेथॉन जिंकली. १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये, जिथे स्त्रियांना मॅरेथॉन धावण्याची मुभा ऑलिम्पिकच्या इतिहासात प्रथमच मिळाली, ती चौथी आली. पदक हुकले. आणि १९८५ साली लंडनमध्ये तिने २ तास २१ मिनिटे ६ सेकंदांचा जागतिक विक्रम केला, तो तेरा वर्षे टिकला. नॉर्वेच्या बर्फाळ हिवाळ्यात बाहेर धावणे कठीण, म्हणून तिचा बराचसा सराव घरातल्या ट्रेडमिलवर व्हायचा. म्हणजे घर सांभाळून धावणे अशक्य नाही. मात्र त्यासाठी ट्रेडमिल ठेवण्याइतके घर लागते, हेही नोंदवून ठेवले पाहिजे!

दुसरी गोष्ट अमेरिकेच्या कॅरा गाउचरची. २००९ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ती अखेरच्या टप्प्यापर्यंत पुढे होती. शेवटी दोघींनी तिला मागे टाकले आणि नऊ सेकंदांनी विजेतेपद गेले. ती रडली. तिला हरवून जिंकणारी केनियाची सलिना कोसगेई स्वतः दोन मुलांची आई होती. २०१० साली कॅराला मुलगा झाला. तिला पैसे देणारी बूट कंपनी नायकी. ती पुन्हा शर्यतीत उतरेपर्यंत पैसे बंद, असा कंपनीचा हिशेब. म्हणून बाळंतपणानंतर तीन महिन्यांतच अर्धमॅरेथॉन धावायचे ठरले. त्यातच बाळ गंभीर आजारी पडले. बाळाला दवाखान्यात ठेवून आपण सरावाला जात होतो, असे तिने २०१९ साली जाहीरपणे सांगितले. इतरही खेळाडू बोलल्या, गदारोळ झाला आणि त्याच वर्षी कंपनीला नियम बदलावा लागला. गरोदरपण आणि बाळंतपणाच्या काळात अठरा महिने मानधन कापणार नाही, असे तिला लेखी मान्य करावे लागले. बाळंतपणानंतर सहा-सात महिन्यांनी, २०११ च्या बोस्टनमध्ये कॅरा पाचवी आली ती २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत, आयुष्यातली सर्वोत्तम वेळ देऊन. त्या वेळेमागे काय काय गेले, ते घड्याळ सांगत नाही.

हे वाचताना आम्हाला १९२८ साल आठवले. मुंबई कायदे मंडळात गिरणी-कारखान्यांतल्या स्त्रियांच्या बाळंतपणाच्या सवलतींचे विधेयक आले होते. बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा. पण बाईच्या श्रमाचा फायदा मालक घेतो, तेव्हा त्यानेही काही भार सोसला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली कायदा झाला. जगातल्या एका बलाढ्य कंपनीला जी गोष्ट २०१९ साली कळली, ती मुंबईच्या सभागृहात नव्वद वर्षे आधी सांगून झाली होती. आईचा वेळ फुकटचा नाही, त्याची किंमत कुणीतरी मोजली पाहिजे, हे ते सूत्र. आपण ते कारखान्यापुरते मान्य केले. घराच्या उंबरठ्याच्या आत आणले नाही.

मग धावणे सोडायचे का? मुळीच नाही. रक्तदाब, मधुमेह आणि दारू यांनी आपली चाळिशीतली माणसे जात आहेत. अशा वेळी पहाटे उठून धावणारा बाप मुलांनी पाहणे ही मोठी गोष्ट आहे. प्रश्न वाटणीचा आहे. ती वाटणी करायला सरावाचे शास्त्रही मदत करते, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. पूर्ण मॅरेथॉननंतर शरीर सावरायला दोन-तीन आठवडे लागतात. त्या काळात जोराचा सराव करूच नये, असे जाणकार सांगतात. म्हणजे निकालावर चरफडत बसण्याऐवजी हे आठवडे घराला देता येतात. सराव चालू असतानाही दर चौथ्या आठवड्याला पल्ला कमी करण्याची पद्धत आहे. तो आठवडा सहा डिसेंबरला आणून बसवला, तर सरावही बिघडत नाही आणि पाहुण्यांत माणूस माणसासारखा वावरतो. कामावरून परतताना चार स्टेशने आधी उतरून घरापर्यंत धावत येणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांची पहाट घराला मिळते. मुले लहान असतील, घरात आजारपण असेल, तर एखादे वर्ष २१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन धावावी. तिच्या सरावाला रविवारचे दोन-अडीच तास पुरतात. पूर्ण मॅरेथॉन कुठे पळून जात नाही.

आणि जितके तास आपण घेतले तितके तास घरच्या बाईलाही मिळाले पाहिजेत, मोजून. तिने त्या तासांत धावलेच पाहिजे असे नाही. ती झोपेल, माहेरी जाईल, महिला मंडळाच्या सभेत बोलेल, नाहीतर नुसती गॅलरीत बसेल. त्याचा जाब विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही. तिने कधी आपल्या तासांचा जाब विचारला होता?

काही घरांत हे सुरूही झाले आहे. आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका सुनेने यंदा दहा किलोमीटरच्या शर्यतीत उतरायचे ठरवले आहे. नवरा गेली तीन वर्षे धावतो, त्यामुळे त्याने बूट लगेच आणून दिले. तिला सरावासाठी पहाटे पाच ते सहा हा तास हवा आहे, कारण सहानंतर डबे. अडचण अशी, की नळाला पाणी येते तेही सव्वापाचला, आणि जाते पावणेसहाला. पाणी कुणी भरायचे, यावर त्या घरात गेले चार दिवस चर्चा चालू आहे. सासूबाई सुनेच्या बाजूने आहेत.