एका मताची किंमत

नगरपालिकेच्या सभेत ठराव येतो, त्यावर उपसूचना येते, शेवटी मते पडतात. ठराव मंजूर झाला की आपण म्हणतो, वाद संपला! पण तो खरोखरच संपतो काय?

पुण्याचेच उदाहरण घेऊ. 1876 ते 1882 या काळात जोतीराव फुले नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला. ही रक्कम गरिबांच्या शिक्षणाकडे लावावी, असे जोतीरावांचे म्हणणे. विरोधी मत पडले ते त्यांचे एकट्याचे. नव्या मंडईच्या भारी खर्चालाही त्यांनी याच कारणाने विरोध केला. मंडई झाली, तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. पुढे तीच महात्मा फुले मंडई झाली!

मंडई गावाच्या उपयोगी पडली, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तिजोरी एकच असते. एका कामाला दिलेला रुपया दुसऱ्या कामाला उरत नाही. म्हणून ‘आधी कोणाचे?’ हा प्रश्न सभेत कोणीतरी विचारावाच लागतो. हरलेल्या मताने तो विचारून ठेवला. अंदाजपत्रक हाती येईल तेव्हा आपणही तो विचारू या.