टोळीबरोबर आलेली मुले



दिवाळी सरली, बॉयलर पेटला, गव्हाणीत मोळी पडली की आपल्या सर्वांचे लक्ष एकाच गोष्टीकडे लागते. आपली तोड कधी येणार? लावणीची तारीख, शेतकी खात्याचा कार्यक्रम, चिटबॉयच्या मागे हेलपाटे, हे सारे ओघाने आलेच. उसाला तुरा फुटला की जीव खालीवर होतो. वर्षाचे पीक उभे असते, सोसायटीचे कर्ज डोक्यावर असते, तेव्हा त्यात गैर काही नाही. पण याच दिवसांत आपल्या गावाच्या कडेला, ओढ्याकाठी नाहीतर गायरानात, कोप्यांची एक वस्ती उठते. त्या वस्तीतल्या लहान माणसांबद्दल या अंकात चार गोष्टी बोलायच्या आहेत.

टोळ्या कुठून येतात हे आपण जाणतोच. बीड जिल्हा, पाथर्डी-शेवगावचा पट्टा, जालना, परभणी, तिकडे नंदुरबार. सारा अवर्षणाचा नाहीतर डोंगराचा मुलूख. पावसाळ्यात मुकादम उचल देतो आणि हंगामात ती तोडून फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि हिशेब टनावर. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती योग्यच झाली. पण हिशेबाची रीत तीच राहिली. जेवढे टन पडतील तेवढी उचल फिटणार. मग घरातले जेवढे हात असतील तेवढे फडात उतरतात.

काट्याच्या पावतीवर सभासदाचे नाव असते, वाहनाचा नंबर असते, टोळीचाही असतो. पोराचे नाव कुठेच नसते. त्या टनात त्याचा वाटा मात्र असतो. आठ-नऊ वर्षांचा मुलगा वाढे गोळा करतो, मोळीला बंध लावतो, बैलांना पाणी दाखवतो. दहा-बारा वर्षांची मुलगी हापशावरून पाणी आणते, भाकरी थापते, आणि दिवसभर धाकट्या भावंडाला कडेवर वागवते. रात्री दोन वाजता ट्रॅक्टर आला तर आई-बाप भरणीला जातात आणि कोपीत ही पोर जागी राहते. तेरा-चौदाव्या वर्षी तिच्या हातात कोयता येतो. गावी एकटी ठेवायची भीती, म्हणून पुष्कळ ठिकाणी लवकर लग्न उरकतात आणि पुढच्या हंगामाला नवा कोयता तयार होतो. बालविवाह प्रतिबंधाचा कायदा २००६ चा आहे. तो या कोप्यांपर्यंत फारसा पोचलेला दिसत नाही.

गेल्या हंगामात आम्ही एका तळावर गेलो होतो. एका मुलीला विचारले, ‘‘कितवीला गं तू?’’ म्हणाली, ‘‘चवथीला.’’ शाळा कुठे, तर गावाकडे. तिथल्या हजेरीपटावर तिचे नाव आहे, आणि ती इथे आमच्यासमोर चुलीपाशी बसलेली, मांडीवर दीड वर्षाचा भाऊ. आम्ही म्हटले, इथली शाळा तर समोर दिसते, जात का नाहीस? तिने उत्तर दिले नाही, भावाकडे नुसते बोट केले. आई फडातून आल्यावर म्हणाली, ‘‘साळंला कोण नाही म्हणतंय, दादा? पण ह्याला कुणाकडं ठेवू? बांधावर ठेवला तर इचूकाट्याचं भ्या.’’

या प्रश्नाची गाठ इथे आहे, असे आमचे मत झाले आहे. आपण म्हणतो, या लोकांना शिक्षणाची आवड नाही. तसे नाही. मोठी मुलगी शाळेत जायची असेल, तर तिच्या कडेवरचे मूल आधी कुणीतरी घेतले पाहिजे.

शाळेची दारे कायद्याने उघडी आहेत. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवायचे, दाखला नाही म्हणून परत पाठवायचे नाही, असे तो सांगतो. आपल्या राज्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असे म्हटले आहे. बालमजुरीचा मूळ कायदा १९८६ चा. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर लावणे गुन्हा ठरले, आणि मालकाला सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा वीस ते पन्नास हजार दंड होऊ शकतो. घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर हातभार लावायला मोकळीक आहे, पण कारखान्याची ऊसतोडणी हा काही त्या मजुराच्या घरचा धंदा नव्हे. आता मालक कोण म्हणाल, तर कारखाना वाहतूकदाराकडे बोट दाखवतो, वाहतूकदार मुकादमाकडे, आणि मुकादम म्हणतो, ‘‘आईबापानं आणलीत, मी थोडीच आणली?’’ अशी ही जबाबदारीची मोळी एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर जाते. फड आपला असतो, एवढे मात्र खरे.

काही वडीलधारे सभासद म्हणतात, ‘‘आम्हीबी लहानपणी गुरं राखली, काय बिघडलं?’’ त्यांचा मान राखून सांगतो. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ साली आपल्या कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या मुलांनीही कष्ट केले, पण कमवायचे ते शिकण्यासाठी. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया! आज उसाच्या पट्ट्यातले आपण शिकलो-सवरलो, कारखाने चालवू लागलो, त्याच्या मुळाशी ही माणसे आहेत.

उपाय झालेच नाहीत असेही नाही. संभाजीनगरच्या ‘जनार्थ’ संस्थेने कारखान्यांना बरोबर घेऊन साखरशाळा चालवल्या. कोप्यांच्या तळावरच शाळा. शिक्षण हक्क कायद्यानंतर, वेगळी शाळा नको, मुले नेहमीच्या शाळेतच बसावीत असा विचार पुढे आला आणि अनेक साखरशाळा बंद पडल्या. विचार चांगला होता, पण तळापासून शाळेपर्यंतचे अंतर कोणी तोडायचे ते ठरले नाही. गावाकडे मुले राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे झाली. २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. गोपीनाथराव मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांचे महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून उसाच्या टनामागे दहा रुपये घ्यायचे ठरले. म्हणजे त्या पैशात आपला ऊसही आहे. वसतिगृहांनी मोठी मुले सावरतील. पण अंगावर पिणारे पोर तिथे राहत नाही, ते आईबरोबर येणारच, आणि त्याला सांभाळायला बहीण येणार. अंगणवाडीत तीन वर्षांपुढची मुले बसतात. त्याच्या आतल्यांचे काय?

तेव्हा पाळणाघर हवे. प्रत्येक मोठ्या तळावर पत्र्याची एक शेड, दोन बाया (टोळीतलीच एखादी वयस्क बाई रोजाने ठेवली तरी चालेल), पिण्याचे पाणी, दोन वेळचा खाऊ. कारखान्याच्या एकूण खर्चात हा आकडा शोधावा लागेल. सभेत ठराव यायला हवा आणि तो सभासदांकडून यायला हवा. संचालक मंडळ आपणहून आणील याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट वाहनांची. रात्री-अपरात्री भरणीला गाडी लागली की सकाळी पोर शाळेत जात नाही, हे उघड आहे. गर्दीच्या दिवसांत सगळे टळणार नाही, पण शेतकी खात्याने ठरवले तर पुष्कळ टळेल.

आणि तोड आपल्या शेतात येईल त्या दिवशी आपल्याला करण्यासारखे थोडके आहे. कोयता हातात घेतलेले पोर दिसले तर मुकादमाला तिथल्या तिथे सांगा. तोड थांबेल, टोळी रागावून दुसऱ्याच्या फडात जाईल, ही भीती प्रत्येकाला वाटते. एकट्याने सांगितले तर तसे होईलही. गटातल्या सर्वांनी सांगितले तर टोळी जाणार कुठे? खुशालीचे पैसे देतानाही हे बोलता येते. वाढे घेताना पोराच्या डोक्यावरून घेऊ नका, बापाला आणून द्यायला सांगा.

तळ पडल्यावर आठवड्याच्या आत गटाच्या कर्मचाऱ्याने मुलांची नावे, वय आणि गावाकडची इयत्ता लिहून मुख्याध्यापकांकडे द्यावीत. पट्टा पडेल तेव्हा इथल्या हजेरीचा कागद प्रत्येक आईबापाच्या हातात द्यावा, म्हणजे एप्रिलमध्ये गावी पोचल्यावर वरच्या वर्गात बसताना अडणार नाही. यंदाच्या याद्यांचे कोरे कागद गट कार्यालयात ठेवले आहेत.