आवाज विरतो कसा?

नाटकात अभिनेत्याची 'एक्झिट' प्रेक्षकांच्या लक्षात राहते. आवाजाची एक्झिट मात्र कुणाच्या लक्षातच येऊ नये, अशी अपेक्षा असते. रंगमंचावर पाऊस कोसळत असतो, दोन पात्रे बोलू लागतात आणि पाच-सहा वाक्यांनंतर पाऊस नाहीसा झालेला असतो. तो नेमका कधी थांबला, हे प्रेक्षकाला सांगता आले तर काहीतरी फसले असे खुशाल समजावे. आवाजाच्या या हळूहळू विरण्याला 'फेड' म्हणतात. (न दिसणाऱ्या या कामाची कदर करणेही अवघडच. न्यूयॉर्कच्या टोनी पुरस्कारांत ध्वनिसंकल्पनाचा पुरस्कार २००८ मध्ये आला, २०१४ नंतर बंद झाला आणि २०१८ मध्ये परत आणावा लागला.)

टेपच्या काळात ऑपरेटरचे बोट मिक्सरच्या पट्टीवर आणि नजर नटावर असे. आता हे काम बहुधा संगणक करतो. बाल्टिमोरच्या 'फिगर ५३' या कंपनीचे, केवळ मॅकवर चालणारे 'क्यूलॅब' हे त्यातले एक प्रसिद्ध सॉफ्टवेअर. त्यात नाटकातले सारे आवाज क्रमाने यादीत मांडलेले असतात. स्पेसबार दाबला की पुढचा 'क्यू' सुरू होतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. फेड हा ध्वनिफाइलचा भाग नसतो, तो स्वतंत्र क्यू असतो. 'पाऊस सुरू कर' ही एक आज्ञा आणि 'तोच पाऊस आठ सेकंदांत घालव' ही दुसरी. हा भेद वरवर किरकोळ वाटतो, पण सगळे नाटक त्यावर तोललेले असते. चित्रपटातला प्रसंग कायमचा बांधलेला असतो. रंगमंचावर मात्र आज ४० सेकंदांत संपणारा संवाद उद्या हशा मिळाला की ५० सेकंद चालतो. फेड फाइलमध्येच कोरून ठेवला, तर पाऊस नटासाठी थांबणार नाही. म्हणून पाऊस अखंड फिरता ठेवायचा आणि ठरलेल्या शब्दावर फेडची कळ दाबायची. यंत्राकडे फक्त उतरण सोपवायची. क्षण ऑपरेटरनेच निवडायचा.

आता ही उतरण कशी असावी? समजा, दहा सेकंदांत आवाज शून्यावर न्यायचा आहे आणि ध्वनिलहरीची उंची आपण अगदी समान गतीने कमी केली. पाच सेकंद उलटले तरी आवाज फक्त ६ डेसिबलने उतरलेला असतो. आपला कान गुणोत्तराने ऐकतो; त्यामुळे निम्मी उंची म्हणजे त्याला थोडासाच फरक वाटतो. नवव्या सेकंदाला उतरण २० डेसिबलवर पोहोचते आणि उरलेला सगळा आवाज शेवटच्या एका सेकंदात कड्यावरून ढकलल्यासारखा कोसळतो.

मग डेसिबलच समान गतीने उतरवले तर? उणे ६० डेसिबल म्हणजे शांतता मानली, तर दर सेकंदाला ६ डेसिबल कमी होतात आणि पाचव्या सेकंदालाच आवाज उणे ३० वर येतो. वातानुकूलन यंत्रांची घरघर, खुर्च्यांची कुरकुर, खोकले यांत तो बहुधा तिथेच बुडतो. कागदावर दहा सेकंदांचा असलेला फेड प्रेक्षकाला पाचच सेकंदांचा वाटतो! म्हणून या दोन टोकांच्या मधला, सुरुवातीला हलके वळणारा, मध्ये वेग घेणारा आणि शेवटी पुन्हा मंदावणारा वक्र पुष्कळदा वापरला जातो. क्यूलॅबमध्ये ही रेघ ओढून हवी तशी वळवता येते. तरीही रिकाम्या नाट्यगृहातल्या तालमीत ठरवलेला वक्र भरल्या प्रयोगात आखूड वाटू शकतो, कारण माणसे आवाज शोषतात आणि स्वतःही करतात.

एक आवाज जाताना दुसरा येत असेल, तर हिशेब बदलतो. पाऊस आणि रेल्वे दोन्ही मध्यावर निम्म्या उंचीला आणले, तर एकूण आवाजात ३ डेसिबलचा खड्डा पडतो. म्हणून वेगळ्या आवाजांच्या अदलाबदलीत मध्यबिंदूला प्रत्येकाला फक्त ३ डेसिबल उतरवतात. मात्र एकाच आवाजाच्या दोन तंतोतंत जुळणाऱ्या प्रतींना हा नियम लावला, तर उलट ३ डेसिबलचा फुगवटा येतो.

नवख्यांना नडते ते वेगळेच. आवाज शून्यावर आला म्हणजे थांबला, असे नाही. 'फेड संपताच मूळ क्यू थांबव' ही खूण करायची राहिली, तर पाऊस ऐकू न येता चालूच राहतो आणि पुढच्या अंकात कुणी पातळी वर नेली की भर उन्हाच्या प्रसंगात बरसतो. तसेच फेड 'अमुक पातळीवर ने' असा आहे की 'आहे त्यातून ६ डेसिबल कमी कर' असा, हेही पाहावे लागते. पहिल्या प्रकारात कळ चुकून दोनदा दाबली तरी बिघडत नाही. दुसऱ्यात आवाज दोनदा उतरतो आणि पुढचे सर्व सापेक्ष फेड त्या खालच्या पातळीवरूनच चालतात.