विडी कामगारांची घरे

तेंदू या वृक्षाला मराठीत टेंभुर्णी म्हणतात. छत्तीसगडच्या रानांतून एप्रिल-मे महिन्यांत त्याची कोवळी पाने खुडली जातात. पन्नास पानांचे एक पुडके आणि अशा हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी, असे त्याचे माप आहे. हा व्यापार १९६४ पासून, म्हणजे तो प्रदेश मध्य प्रदेशात होता तेव्हापासून, सरकारच्या हाती आहे. आणि छत्तीसगड राज्य झाल्यावर त्याची सूत्रे रायपूरच्या वनोपज संघाकडे आली. पाने खुडणारी स्त्री आपल्या गावातील प्राथमिक सहकारी समितीच्या फडावर ती मोजून देते आणि तिचा त्या पानाशी असलेला संबंध तेथे संपतो. पानाचा प्रवास मात्र पुढे चालू राहतो. ते गोंदियास जाते, जबलपूरला जाते, तसेच जेथे तेंदूचे रान नाही अशा सोलापूरसारख्या शहरांतही विडीसाठी पाने बाहेरूनच येतात, आणि तेथेही त्यांची गाठ स्त्रियांच्याच हातांशी पडते.

सोलापूर हे मुळात विणकरांचे शहर. निजामाच्या राज्यातील तेलंगणातून पद्मशाली कुटुंबे येथे आली. कर्नाटक अगदी लगत असल्याने कानडी बोलणारेही आले. त्यांच्या जोडीला मराठी कष्टकरी आणि दखनी बोलणारे मुसलमान होतेच. पुरुषांनी गिरणीत वा मागावर जावे आणि स्त्रियांनी विड्या वळाव्यात, अशी कामाची वाटणी अनेक घरांत रूढ झाली. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. तेव्हा संसाराला जोड म्हणून धरलेली विडी हाच पुष्कळ कुटुंबांचा मुख्य आधार होऊन बसला.

विडी कामगार स्त्रीच्या बाबतीत घराचा प्रश्न हा केवळ निवाऱ्याचा नसतो, ही गोष्ट येथे नीट समजून घेतली पाहिजे. १९६६ साली विडी व सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला. कामाच्या जागी उजेड, हवा, पाणी असावे, कामाचे तास ठरलेले असावेत, असे त्याने सांगितले. हेतू निःसंशय चांगला होता. परंतु कारखाना चालविणे त्यामुळे महाग पडू लागले आणि अनेक मालकांनी कारखानेच मिटवून काम घरोघर वाटण्याची रीत धरली. केरळात कण्णूरला असे कारखाने बंद झाले तेव्हा बेकार झालेल्या कामगारांनी १९६९ मध्ये ‘दिनेश विडी’ ही स्वतःची सहकारी संस्था उभी केली. सर्वत्र तसे घडले नाही. इतर ठिकाणी कामगार स्त्री घरी बसून विड्या वळू लागली व तिचे घर हाच तिचा कारखाना झाला.

हा कारखाना कसा असे? भाड्याची दहा बाय दहाची खोली. तीतच चूल, तीतच ओली करून ठेवलेली पाने, तंबाखूचे सूप, कात्री, दोरा आणि मुलांची अंथरुणे. पावसात छप्पर गळले तर पानांना बुरशी येते. सदोष विड्या शाखेत ‘छाट’ म्हणून बाजूला टाकल्या जातात आणि त्यांचे पैसे मिळत नाहीत. मजुरी हजार विड्यांवर ठरते, तासांवर नाही. त्यामुळे अंधाऱ्या खोलीत गेलेला प्रत्येक तास कामगाराच्याच पदरचा. घरभाडे, दिव्याचा खर्च आणि जागा यांचा सारा भार, जो एरवी मालकाने सोसावयाचा, तो तिच्यावर आला.

१९७६ साली केंद्राने विडीवर उपकर बसवून त्यातून विडी कामगार कल्याण निधी उभारला. औषधपाणी, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरबांधणी यांसाठी तो होता. (वस्तू व सेवा कर लागू झाला त्या वर्षी, २०१७ मध्ये, हा उपकर बंद करण्यात आला.) कागदावर ही तरतूद उत्तम होती. तथापि घरासाठी अनुदान मिळाले तरी ते घर बांधावयाचे कोठे? जिच्याजवळ महिन्याचा पगारपत्रक नाही, जमीन नाही, गहाण ठेवण्यासारखी वस्तू नाही, तिला शहरात जागा कोण देणार, आणि कर्ज तरी कोण देणार? एकेकटीने हे साधणे अशक्य होते.

यातून सहकारी गृहनिर्माणाची कल्पना पुढे आली. १९९० च्या दशकाच्या आरंभी लाल बावट्याच्या विडी कामगार संघटनेने नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली ही मागणी धरली. संस्थेला नाव देण्यात आले गोदूताई परुळेकरांचे. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या १९४५ च्या उठावात पुढे असलेल्या आणि ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाच्या लेखिका म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेल्या याच त्या गोदूताई. सभासदत्व स्त्री कामगारांचे होते, ही यातील फार महत्त्वाची बाब आहे. आयुष्यभर जिच्या कमाईची घरात नोंद झाली नाही, तिचे नाव घराच्या कागदावर आले.

जमीन शहरात परवडणारी नव्हती. म्हणून अक्कलकोट रस्त्याला, दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी गावाच्या शिवारात ती घेण्यात आली. घराच्या खर्चाचे गणित साधे होते. एका घरास ६०,००० रुपये: त्यांपैकी २०,००० केंद्राचे, २०,००० राज्याचे आणि उरलेले २०,००० कामगार स्त्रीचे. ज्याला हा शेवटचा आकडा लहान वाटेल त्याने तो विड्यांत मोजून पाहावा. हजार विड्यांना हाती मोजके रुपये पडत, आणि हजार वळण्यास सारा दिवस जाई. सरकारचे दोन हिस्से मंजूर करून घेण्यास मोर्चे, निवेदने आणि दिल्ली-मुंबईच्या खेपा कराव्या लागल्या. मागणीपासून ताब्यापर्यंत एका तपाहून अधिक काळ गेला. १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते १०,००० घरांच्या या वसाहतीचे लोकार्पण झाले.

सरकारी योजनेत लाभार्थी एकेकटा अर्ज करतो व एकेकटाच वाट पाहतो. येथे दहा हजार अर्ज एकत्र होते. तेलुगू, मराठी, कानडी व दखनी बोलणाऱ्या स्त्रिया शाखेच्या दारात पाने घेताना आणि विड्या मोजून देताना रोज एकमेकींना भेटत, त्यामुळे मूळ ओळख कामाची होती, जातीची किंवा भाषेची नव्हे. घरे एकाच नमुन्याची आणि एकाच वेळी बांधावयाची असल्याने खर्चही आटोक्यात राहिला.

घर मिळाले म्हणजे प्रश्न मिटले, असे मात्र समजू नये. कुटुंबात पाच माणसे धरली तर दहा हजार घरे म्हणजे पन्नास हजारांचे नगर होय, आणि ते एका ग्रामपंचायतीच्या हद्दीत अल्पावधीत वसले. गावकऱ्यांची विहीर, रस्ता, शाळा आणि पंचायतीचे उत्पन्न गावापुरते होते. ज्या सोलापुरात उजनीचे पाणी असूनही नळाला ते काही दिवसांआड येते, त्याच्या पलीकडे माळावर वसलेल्या वसाहतीला पाण्यासाठी वेगळाच झगडा करावा लागणार हे उघड होते. शिवाय अंतराचा प्रश्न होता. पाने आणण्यास व विड्या देण्यास शहरात जावयाचे तर बसभाडे मजुरीतून जाणार. म्हणून विडीची शाखाच वसाहतीत येणे, शाळा तेथेच निघणे, दवाखाना जवळ असणे, या मागण्या घराच्या मागणीइतक्याच निकडीच्या ठरल्या. स्वस्त जमिनीची किंमत ही अशी पुढे कित्येक वर्षे फेडावी लागते. नगररचनेच्या पुस्तकांत हा खर्च क्वचितच मांडलेला आढळतो.

पुढे कुंभारीलाच ‘रे नगर’ हा ३०,००० घरांचा प्रकल्प प्रधानमंत्री आवास योजनेखाली हाती घेण्यात आला. त्याची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये झाली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पहिल्या १५,००० घरांचे वाटप झाले. या वेळी विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, शिवणकाम करणारे, कचरा वेचणारे, फेरीवाले आणि वाहनचालकही सभासद होते. घरांची रचना मात्र बदलली आहे. गोदूताई वसाहतीत प्रत्येकीला स्वतःचे अंगण होते, पाने वाळत घालण्यास जागा होती. रे नगरात तळमजल्यावर दोन मजले अशा इमारती असून एकेका इमारतीत ३६ बिऱ्हाडे आहेत. येथे जिना, गच्ची, पाण्याची टाकी आणि पंपाचे वीजबिल सर्वांचे मिळून आहे. वरच्या मजल्यावरच्या विडी कामगार स्त्रीने पाने कोठे पसरावीत, आणि फेरीवाल्याने आपली हातगाडी रात्री कोठे उभी करावी, हे त्या ३६ बिऱ्हाडांनीच आपसांत बसून ठरवावयाचे आहे.