नळकाम, घरगुती

घरात पाणी आणून ते वापराच्या जागी पोहोचविणारे आणि वापरलेले पाणी व मैला बाहेर नेणारे नळ, तोट्या, झडपा, टाक्या व पात्रे यांची मांडणी, तसेच ती बसविण्याचा व दुरुस्त करण्याचा व्यवसाय, यांस नळकाम म्हणतात. इंग्रजीतील ‘प्लंबिंग’ ही संज्ञा शिसे या अर्थाच्या ‘प्लंबम’ या लॅटिन शब्दावरून आली आहे, कारण रोमन काळापासून नळ शिशाचे करीत. शिसे अल्प प्रमाणात पोटात गेले तरी अपायकारक ठरते. त्यामुळे नव्या कामात पिण्याच्या पाण्यासाठी शिशाचे नळ घालीत नाहीत.

मुंबईस विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये नळाने मिळू लागले. नळाबरोबर आलेली इंग्रजी परिभाषा कारागिरांच्या तोंडी मराठी वळणाची झाली. वॉशरला ‘वायसर’ म्हणतात ते याच रीतीने. उलट ‘न्हाणी’ हा देशी शब्द ‘नहाणी ट्रॅप’ या रूपाने भारतीय अभियांत्रिकीत रूढ झाला. ही मिश्र परिभाषा ऐकताना एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. पुरवठ्याच्या नळात पाणी दाबाखाली असते, म्हणून ते वरही चढते आणि बारीकशा फटीतूनही बाहेर येते. निःसारणाच्या नळातून पाणी केवळ उतारामुळे वाहते व उरलेली जागा हवेने भरलेली असते. पहिल्या भागातील बहुतेक शब्द दाब अडविण्याविषयीचे आहेत, तर दुसऱ्या भागातील शब्द दूषित हवा अडविण्याविषयीचे.

नळ व त्यांची मापे : जस्तविलेपित लोखंडी नळास ‘जी. आय. पाइप’ म्हणतात. त्याच्या हलक्या, मध्यम व जड अशा तीन श्रेणी असून त्या अनुक्रमे पिवळ्या, निळ्या व तांबड्या पट्ट्याने ओळखतात. हा नळ आतून गंजत जाऊन त्याची पोकळी अरुंद होते. त्यामुळे अलीकडे पी. व्ही. सी. व गरम पाण्यासाठी सी. पी. व्ही. सी. हे प्लॅस्टिकचे नळ अधिक वापरतात. बाजारात ‘अर्धा इंची’, ‘पाऊण इंची’ व ‘एक इंची’ नळ मागितला जातो. मेट्रिक पद्धतीत हीच मापे १५, २० व २५ मिमी. अशी सांगतात. ही मापे नाममात्र आहेत. अर्धा इंची लोखंडी नळाचा बाहेरील व्यास सुमारे २१ मिमी. भरतो, तर त्याच नावाच्या सी. पी. व्ही. सी. नळाचा सुमारे १६ मिमी. याउलट सांडपाण्याच्या पी. व्ही. सी. नळाचे ७५ किंवा ११० मिमी. हे माप बाहेरील व्यासाचेच असते. म्हणून मोजपट्टीने मोजून आणलेला तुकडा पुष्कळदा बसत नाही.

नळांना जोडणाऱ्या तुकड्यांपैकी ‘सॉकेट’ दोन नळ सरळ रेषेत जोडतो, ‘एल्बो’ काटकोनात वळवितो, ‘टी’ फाटा काढतो आणि ‘रिड्यूसर’ मोठ्या मापावरून लहान मापावर आणतो. ‘बेंड’ हे एल्बोसारखेच असले, तरी त्याचे वळण सौम्य असल्याने पाण्यास अडथळा कमी होतो. दोन्ही टोकांस बाहेरून आटे असलेला आखूड तुकडा म्हणजे ‘निपल’. ‘युनियन’ तीन भागांचा असतो व नळ न फिरवता सोडविता येतो. पंपाजवळ तो नसेल, तर पंप काढताना नळ कापावा लागतो. आट्यांचा सांधा पूर्वी सुतळी व सफेदा लावून पक्का करीत, आता टेफ्लॉनची फीत गुंडाळतात.

झडपा व तोट्या : नावांचा घोळ या भागात सर्वांत अधिक आहे. भिंतीतून निघून तोंड खाली वळलेली तोटी म्हणजे ‘बिबकॉक’, बेसिनवर उभी असते ती ‘पिलरकॉक’ आणि बेसिनखाली नळी जोडण्यासाठी असते ती ‘अँगलकॉक’. वाटेत पाणी बंद करणारी झडप म्हणजे ‘स्टॉपकॉक’. ‘गेट व्हॉल्व्ह’मध्ये एक पाते वरखाली होते. ती पूर्ण उघडी वा पूर्ण बंद ठेवावयाची असते. अर्धवट उघडी ठेवल्यास पाते थरथरून झिजते. ‘बॉल व्हॉल्व्ह’ या नावाने तर दोन निराळ्या वस्तू ओळखल्या जातात : एक, आरपार भोक असलेला गोळा पाव फेरा फिरवून चालणारी दांड्याची झडप, दुसरी, टाकी भरताच तरंगत्या गोळ्याने आपोआप बंद होणारी झडप. दुसरीस ‘बॉलकॉक’ म्हटल्यास गोंधळ टळतो.

तोटीच्या तोंडातून पाणी ठिबकत असेल, तर वायसर झिजलेला असतो. दांडीच्या बुडाशी पाझरत असेल, तर ‘ग्लँड’मधील भरण सैल झालेले असते. दुरुस्ती निराळी असल्याने गळती नेमकी कोठे आहे हे सांगणे उपयुक्त ठरते. सिरॅमिक चकत्यांच्या तोटीत मात्र वायसर नसतो, तिचे सबंध ‘कार्ट्रिज’ बदलतात.

गच्चीवरील टाकीमुळे मिळणारा दाब पाण्याच्या पातळीच्या उंचीवर अवलंबून असतो, टाकीच्या आकारावर नव्हे. दर १० मी. उंचीस सुमारे १ किग्रॅ./चौ. सेंमी. दाब मिळतो. टाकीतील पाणी फवाऱ्यापेक्षा केवळ २ मी. उंच असेल, तर वरच्या मजल्यावर फवारा मंद पडणारच. मोठी टाकी बसवून तो सुधारत नाही. टाकीत पाणी आणणाऱ्या नळाचे तोंड ‘ओव्हरफ्लो’ नळीच्या वर ठेवतात, म्हणजे पुरवठा खंडित होऊन नळात निर्वात निर्माण झाला, तरी टाकीतील पाणी मागे ओढले जात नाही.

ट्रॅप : निःसारणातील हा सर्वांत महत्त्वाचा शब्द होय. शब्दशः ‘सापळा’ असल्याने तो कचरा पकडण्यासाठी असावा, असा समज आढळतो. वस्तुतः तो नळाचा मुद्दाम वाकविलेला भाग असून त्यात नेहमी थोडे पाणी साचून राहते. पाण्याच्या या पडद्यास ‘वॉटर सील’ म्हणतात. त्याची खोली सामान्यतः सुमारे ५० मिमी. असते. गटारातील दुर्गंधी, वायू व कीटक यांना घरात येण्यापासून रोखणारा अडसर तो एवढाच. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये शौचपात्राच्या पेटंटात असे ‘एस’ आकाराचे वळण योजले होते. निर्गम आडवा असल्यास ‘पी ट्रॅप’ व खाली असल्यास ‘एस ट्रॅप’ म्हणतात. न्हाणीघराच्या जमिनीतील तो नहाणी ट्रॅप. इमारतीबाहेर सांडपाणी घेणारा तो ‘गली ट्रॅप’. त्याचा मराठी गल्लीशी संबंध नाही.

हा पडदा दोन कारणांनी नाहीसा होतो. वापर नसल्यास पाणी आटते. बंद घर उघडल्यावर येणारी दुर्गंधी बहुधा यामुळेच असते व मोरीत तांबाभर पाणी ओतल्याने ती थांबते. दुसरे कारण म्हणजे वरच्या मजल्यावरून एकदम पाणी सुटल्यावर नळात निर्माण होणारे शोषण. अशा वेळी बेसिनमधून गुडगुड आवाज येतो. हाँगकाँगमधील अ‍ॅमॉय गार्डन्स या गृहसंकुलात २००३ मध्ये तीनशेहून अधिक रहिवाशांना सार्स रोगाची लागण झाली. त्या वेळच्या शासकीय तपासात न्हाणीघरांतील कोरडे पडलेले ट्रॅप हा प्रसाराचा एक मार्ग असल्याचे दिसून आले. हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्यांमुळे निःसारण नळातील दूषित तुषार त्यांतून आत ओढले गेले होते.

शोषण टाळण्यासाठी उभा नळ छपराच्या वर नेऊन उघडा ठेवतात व त्यावर जाळीची टोपी बसवितात. हा ‘व्हेंट’ होय. टोपीत पक्ष्याने घरटे केल्यास खालच्या ट्रॅपमधील पाणी ओढले जाऊ शकते. मैला नेणाऱ्या नळास ‘सॉइल पाइप’ व न्हाणी, बेसिन इत्यादींचे पाणी नेणाऱ्या नळास ‘वेस्ट पाइप’ म्हणतात. द्विनळ पद्धतीत हे दोन्ही नळ वेगळे असतात. सॉइल पाइप थेट ‘चेंबर’ला जोडतात, तर वेस्ट पाइपमधील पाणी गली ट्रॅपमधून तेथे जाते. चेंबर म्हणजे झाकण असलेली तपासणीची कुंडी. ती नळ वळतात किंवा एकत्र मिळतात त्या ठिकाणी बांधतात, म्हणजे तुंबलेला भाग दोन कुंड्यांच्या दरम्यान शोधून बांबूच्या कामटीने किंवा सळईने मोकळा करता येतो.